डावीकडचा आवाज कमी

माझा स्वभाव पहिल्यापासून संशयी. भाजीवालीने आपणहून कोथिंबीर दिली तरी मी जुडी उलटी करून बघतो. त्यामुळे हेडफोन घ्यायचा ठरला तेव्हा माझ्याबरोबर दुकानात जायला घरातलं कोणी तयार होईना. शेवटी चुलतभाऊ आला. वयाने मोठा म्हणून मी त्याला दादा म्हणतो. त्याला यावंच लागणार होतं, कारण धंदा दोघांचा होता.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मुरबाड तालुक्यात हळदीला बँड मागे पडून डीजे वाजायला लागला होता. टेम्पो दादाचा, मोठे बॉक्स आणि जनरेटरही त्यानेच जमवलेले. माझी भागीदारी कशात, तर गाण्यांच्या पारखीत आणि मिक्सर चालवण्यात. दोन सीडी प्लेअर, मध्ये मिक्सर, एवढ्यावर आमचा डीजे चालायचा. पुढचं गाणं आधी ऐकून बघायची सोय नव्हती, म्हणून मी घरी एकेक गाणं लावून वहीत सेकंद लिहून ठेवायचो. हलगी अठराव्या सेकंदाला, बायकांचा कोरस पंचेचाळिसाव्याला. टेम्पोवर ती वही मांडीवर घ्यायची आणि आकडे बघत गाण्याला गाणं जोडायचं. बहुतेक वेळा जमायचं.

टोकावड्याच्या एका हळदीत नाही जमलं. दुसरी सीडी अडकली आणि दोन गाण्यांच्या मध्ये शांतता पडली. नाचणारी माणसं हात वर करून तशीच थांबली. नवरीचा मामा टेम्पोजवळ आला आणि म्हणाला, "भिवंडीकडचा आनायला पायजे होता. त्यांचा गाना तुटत नाय."

त्यांचं गाणं का तुटत नाही ते मला ठाऊक होतं. त्यांच्याकडे हेडफोन होते. एका कानावर पुढचं गाणं लावायचं, दुसरा कान चालू गाण्याकडे मोकळा ठेवायचा, आणि दोन्ही ठेके जुळले की मगच नवं गाणं सोडायचं. त्या आठवड्यात आमच्या ठरलेल्या दोन हळदी त्यांच्याकडे गेल्या. दादा मला काही बोलला नाही. पण मिक्सरवर बसायला दुसरा कोणी मिळेल का, असं तो आमचा जनरेटर चालवणाऱ्याला विचारत होता, हे मला कळलं. माझी जागा जाणार असं दिसायला लागलं. ती जागा गेली असती तर त्या टेम्पोवर माझं दुसरं काहीच नव्हतं.

आमच्याकडे बाराशे रुपये होते. शेणव्याच्या एका साउंडवाल्याने न विचारता सल्ला दिला, "पिळाची वायर घे, आनि कानाला घट्ट बसनारा घे." हा आपला स्पर्धक, फुकट सल्ला का देतोय, म्हणून मी सैल बसणारेच बघायचे ठरवले. दादाचा सल्ला त्याहून वाईट होता. "मिळंल तो सगळ्यात स्वस्तातला घे," एवढंच तो घरापासून सांगत होता. दुसऱ्या माणसाच्या शोधात असलेला दादा माझ्यावर खर्च कशाला करेल, असं मी मनाशी म्हटलं. 

आधी शहापूरला गेलो. मी आमचीच सीडी नेली होती. त्यातलं एक गाणं मला पाठ होतं. मधोमध ढोलकी, आणि दोन्ही बाजूंना सारखी झांज. हेडफोन चढवला आणि लगेच काढला. डावीकडची झांज जवळजवळ नव्हतीच.

"डावीकडचा आवाज कमी आहे," मी म्हणालो.

दुकानदाराने स्वतः घालून बघितला. "दोन्हीकडे सारखा तर आहे."

त्याने दुसरा खोका फोडला. त्यातही तेच. मी दादाला खूण केली आणि आम्ही निघालो. अख्खा माल खराब आलाय आणि हा आपल्या गळ्यात मारतोय, असं मी बाहेर येऊन म्हणालो. दादा चप्पल बघत उभा राहिला.

मग कल्याण. तिथल्या दुकानदाराने बसायला स्टूल दिलं आणि चहा मागवला. गिऱ्हाईकाला आल्याआल्या चहा पाजणाऱ्या माणसाकडून काही घ्यायचं नाही, हा माझा नियम. तरी तीन हेडफोन लावून बघितले. एक तर आमच्या बाराशेच्या वरचा होता. तिन्हींची डावी बाजू मेलेली. आता माझी खात्री पटली. कोणीतरी एकच घाऊक व्यापारी नापास झालेला माल खेड्यातल्या लोकांसाठी आणत होता, आणि शहापूरपासून कल्याणपर्यंत सगळे त्यात सामील होते. मी हे दुकानातच, जरा मोठ्याने सांगितलं. दादा रस्त्याकडे तोंड करून उभा होता.

तिसरं दुकान कल्याणातच, एका म्हाताऱ्याचं, दुरुस्तीचं. पुढे रेडिओ उघडून पडलेले, मागच्या फळीवर चार-पाच नवे हेडफोन. मी एक घातला, गाणं ऐकलं आणि म्हणालो, "हाही तसाच. डावीकडे झांज नाही."

म्हातारा वाद घालत बसला नाही. त्याने हेडफोन माझ्या डोक्यावरून काढला, उलटा फिरवला आणि परत घातला. उजवी वाटी आता डाव्या कानावर आली होती.

"आता?"

आता झांज डावीकडे वाजायला हवी होती. ती उजवीकडेच वाजत राहिली. डावीकडे नुसते ढोलकीचे ठोके येत होते, मधे गोणपाट धरल्यासारखे.

खरं सांगतो, मला पहिला संशय म्हाताऱ्याचाच आला. त्याने फिरवताना वायरीला काही केलं का, म्हणून मी वायर हातात धरून टोकापर्यंत बघितली. वायरीत काही नव्हतं. 

"टेम्पोवर बॉक्स कुठल्या बाजूला असतात?" त्याने हळूच विचारलं.

 आमच्या टेम्पोत जनरेटर उजवीकडे होता, त्यामुळे बॉक्सची अख्खी थप्पी तीन लगीनसराया माझ्या डाव्या खांद्याला लागून होती.

"आता बरोबर येतंय," मी म्हणालो, आणि तोच हेडफोन घेतला.

मुरबाडच्या एसटीत मी खोका मांडीवर घेऊन बसलो होतो. मला भीती वाटत होती. ज्या वस्तूसाठी दिवसभर दुकानदारांशी भांडलो, ती वापरायला दोन कान लागतात. एक पुढच्या गाण्याला, एक चालू गाण्याला. माझ्याकडे एकच होता. तरी मी दादाला म्हणालो, "शेवटी चांगला मिळाला. दोन्हीकडे सारखा आहे."

दादाने खोक्याकडे बघितलं. मग म्हणाला, "डाव्यानं तुला ऐकू येत नाय ना रे?"

"म्हाताऱ्यानं सांगितलं?"

"त्याला कशाला सांगायला पायजे. दिवालीपासून बघतोय मी. डावीकडून हाक मारली तं तू ओ देत नायस. म्हनून सांगत होतो, स्वस्तातला घे. उगा पैसं घालून तुला काय उपेग?"

मला राग आला. सकाळपासून ज्याच्यावर संशय घेतला होता तो माणूस हे सांगत होता, म्हणून जास्तच आला. मी खोका त्याच्या मांडीवर ठेवला. "मग तूच घाल. दुसरा कोणी बघू नकोस, मी शिकवतो तुला."

त्याने खोका घेतला नाही, नुसता पडू नये म्हणून धरला.

"एवढे दिवस बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"बोललो असतो तं तू काय समजला असतास?"

मी खिडकीकडे वळलो. मी समजलो असतो की याला मला उठवून माझ्या जागी दुसरा माणूस बसवायचाय, आणि त्यासाठी हा माझ्या कानाचं निमित्त करतोय. दादाला ते माहीत होतं. म्हणून दिवाळीपासून तो काही न बोलता माझ्या उजव्या बाजूने चालत होता.