आभाराच्या यादीतलं नाव

मुलींनी गणिताचं सॉफ्टवेअर नुसतं वापरू नये, लिहावंही, असं भाषण मी गोंदियाच्या आमच्या कॉलेजात वर्षातून दोनदा तरी ठोकायची. दोन हजार दहाच्या आसपासची गोष्ट. कुडव्याहून स्कूटीवर येताना वाक्यं पाठ करायची. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणीही उघडावा, सुधारावा आणि त्यावर स्वतःचं नाव लावावं. ‘नाव’ म्हणताना मी टेबलावर हात आपटायची. हातातला आलूबोंडा संपेपर्यंत मुली ऐकायच्या.

त्यातली एक सालेकशाहून रेल्वेनं यायची. एका शनिवारी गाडीची वेळ झाली म्हणून तिनं आम्ही वर्गात वापरायचो त्या परदेशी मुक्त प्रोग्राममध्ये मोठं उदाहरण सोडून अंकांची एकच ओळ टाकली, आणि प्रोग्राम बंद पडला. मी म्हटलं, “तुझंच काहीतरी चुकलं असेल.” परदेशातले विद्वान चुकत नाहीत, यावर माझी गाढ श्रद्धा होती. ती कोडची छापील पानं घेऊन गाडीत बसली आणि सोमवारी दोन ओळींची दुरुस्ती घेऊन आली. प्रोग्राम चालला.

दुरुस्ती पाठवायची तर तिचं इंग्रजी कच्चं, ईमेलही नाही. “मी पाठवते,” असं मोठ्या मनानं म्हणून मी माझ्याच पत्त्यावरून पाठवली. पत्रात तिचा उल्लेख राहून गेला. खरं सांगायचं तर मला तो सुचलाच नाही.

प्रोग्रामची पुढची आवृत्ती आली तेव्हा आभाराच्या यादीत माझं नाव होतं. मी तो कागद नोटीस बोर्डावर लावला. मुलींना प्रोत्साहन म्हणून.

ती बोर्डापुढं बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडं येऊन म्हणाली, “मॅडम, चूक मी शोधली, दुरुस्त बी मीच केली. मंग नाव तुमचं काऊन?”

मला फार लाज वाटली. त्याच दिवशी तिला ईमेल काढून दिला. पत्र तिनंच लिहिलं. एका वाक्यात क्रियापदच नव्हतं. मी हात मांडीखाली दाबून बसले होते.

परदेशातल्या त्या विद्वानांना ते पत्र व्यवस्थित समजलं. यादीत तिचं नाव आलं, माझं गेलं.

नवा कागद लावायला ती बोर्डाशी आली, तेव्हा माझा कागद तिथंच होता. इतक्या दिवसांत मी तो काढला नव्हता. मी टाचण्यांची डबी पुढं केली.

“राहू द्या मॅडम,” ती म्हणाली, आणि माझ्या कागदाच्या चार टाचण्या काढून त्यांनीच तिनं आपला कागद लावला.