झाकणाखालचा जबाब

गटाराशी इतक्या अदबीनं बोलणारा माणूस अख्ख्या सातारा-सांगलीत दुसरा झाला नसेल. हे गृहस्थ माझे चुलत सासरे. त्यातून योग असा, की आमच्या नगरपालिकेत मी ड्रेनेजचा इंजिनिअर आणि ते माझ्या हाताखालचे मुकादम. कचेरीत ते मला ‘सायेब’ म्हणत आणि कचेरीची पायरी उतरली की ‘जावईबापू’. मी दोन्हीकडे ‘मामा’च म्हणायचो. नुसत्या वासावरून कुठल्या गल्लीत काल मटण शिजलं हे ते सांगत. एकदा दिवाळीच्या फराळाला आले, ते आधी मोरीच्या जाळीपाशी बसले आणि म्हणाले, “वरच्या मजल्यावर कुणाचं तरी प्वाट बिघडलंय.” ते खरं निघालं. मला मात्र त्या दिवशी चकली गेली नाही.

पण त्यांच्या एका खोडीची मला मनापासून भीती वाटायची. कुठलंही चेंबर उघडण्याआधी ते पायातल्या वहाणा काढत, लोखंडी झाकणावर टकटक करत, कान टेकवत आणि हाक मारत, “किसन?” मग डोळे मिटून थांबत. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे खालून “हाय” असा जबाब यायचा, आणि मगच झाकण निघायचं. किसन हा त्यांचा जुना जोडीदार. पूर्वी माणसं चेंबरमध्ये उतरत, तेव्हा वरच्यानं नाव घ्यायचं आणि खालच्यानं “हाय” म्हणायचं, अशी रीत होती. एकदा कुठल्याशा कारखान्यानं न सांगता पाणी सोडलं. किसन दोनदा “हाय” म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला नाही. मामा एवढंच सांगत आणि विषय बदलत. आसपास कुणी नाही असं बघून एकदा मीही कान टेकवला होता. खाली पाण्याची खळखळ होती. तिच्यात आणखी काही ऐकू आलं की नाही, हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही.

आमच्या हद्दीत सूत रंगवायचा एक कारखाना होता. सांडपाणी शुद्ध करूनच गटारात सोडायचं, या अटीवर त्याला जोडणी दिलेली. नमुना घ्यायला जायचं तर फाटक उघडं हवं, म्हणून आम्ही आदल्या दिवशी रीतसर फोन करायचो, आणि दर वेळी बाटलीत पिण्याजोगं पाणी यायचं. मामा म्हणत, “पावणं येणार म्हटल्यावर घर कोण सारवत न्हाई?” मला ते झोंबायचं, कारण अहवालावर सही माझी असायची.

एका ढगाळ दुपारी त्या कारखान्याबाहेरच्या चेंबरमधला जोड फुटल्याची तक्रार आली. माणूस न उतरवता काम करणारं आमचं यंत्र तिथवर पोचेना. आत उतरायला बंदी आहे हे मला ठाऊक होतं, पण पाच मिनिटांचं काम म्हणून मी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली. मामांनी हाक मारली. एकदा, दोनदा, तीनदा. मग ते झाकणावरच मांडी घालून बसले.

“जबाब न्हाई.”

“मामा, उठा. हा हुकूम आहे.”

“सायबाचा हुकूम मुकादमाला मान्य हाय,” त्यांनी शांतपणे डबा सोडला. “पर आता हितं सासरा बसलाय. त्यो काय तुमच्या हाताखाली न्हाई.”

भाकरीचा तिसरा घास तोंडात असताना ते ताडकन उठले आणि धोतराची मागची बाजू चोळू लागले. झाकण खालून तापलं होतं. कडांतून वाफ आली, सडक्या अंड्यांचा वास आला, समोरचं कुत्रं शेपूट घालून पळालं. कारखान्यानं सकाळपासून पाणी अडवून धरलं होतं, म्हणून खाली खळखळ नव्हती. ते सगळं कढत पाणी आता एकदम सोडलं. मामा झाकणावर बसले नसते, तर मी तेव्हा आत असतो. मामांनी लांबच्या चेंबरमध्ये दोरीनं बाटली सोडली, ती निळीभोर होऊन वर आली. त्या बाटलीवरून कारखान्याची जोडणी बंद झाली. तेव्हापासून मी फोन करून जात नाही.

मामा गेल्या वर्षी गेले. शेवटी उशाशी बसून मी “मामा?” म्हणत राहिलो. ते दोनदा “हाय” म्हणाले.

आता झाकणाला कान मी टेकवतो. माणसं हसतात, हसू देत. आधी किसनचं नाव घेतो, मग हळूच “मामा?” म्हणतो. खालून येतो तो आवाज पाण्याचाच असतो, हे मला कळतं. तरी तो आल्याखेरीज मी कुणाला झाकणाला हात लावू देत नाही.