आईच्या वयाची रोपं

रोपवाटिकेत तिला सगळे सुईण म्हणत, आणि तिलाही ते आवडे. बांबूची दोन पेरांची कांडी कापायची, डोळा शाबूत ठेवायचा, दिवसभर मुळं फुटवणाऱ्या संजीवकाच्या पाण्यात भिजवायची आणि हरितगृहातल्या ओल्या वाळूत रोवायची. या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. इतरांच्या शंभरांत चाळीस जगत, तिच्या ऐंशी.

या ऐंशींचं अर्धं श्रेय खरं तर फाटकाजवळच्या बांबूच्या जुन्या बेटाचं. त्याच्या कांड्यांना बघता बघता मुळं फुटत. नोकरी सोडताना म्हाताऱ्या माळ्याने तिला बजावलं होतं, "या बेटाचं वय झालंय. सात-आठ वर्षांत फुलेल आणि मरेल. याची कांडी आज लावलीस तरी ती आईचंच वय घेऊन येते. आई फुलली की लेकरंही फुलतात, असतील तिथं." तिने मान डोलावली आणि दुसऱ्याच दिवशी त्या बेटाला करवत लावली. कौतुकाची चटक लागली होती, दुसरं काय.

थोरल्या भावाच्या कुंपणाकडेने तिने त्यातलीच बारा रोपं लावली. दादा बांबूच्या खुर्च्या करायचा. घरच्या बांबूची खुर्ची करावी, ही त्याची जुनी हौस. दरवर्षी तो विचारी, "आता चार काठ्या तोडू का?" ती मोठ्या जाणकाराच्या थाटात म्हणे, "थांब रे, बेट नीट भरू दे." दादा थांबायचा आणि बाजारातून बांबू आणायचा. बहिणीचा शब्द मोडायची नवऱ्याची टाप नाही, असं वहिनी हसत सांगे.

सातव्या वर्षी फाटकाजवळच्या बेटाला तुरे आले. दोन दिवसांनी दादाचा फोन आला. "अगं, आपल्या बांबूला फुलं आलीत. तुझी वहिनी सगळ्या गल्लीला दाखवतेय. ये बघायला."

ती गेली. बाराही बेटं पिवळट तुऱ्यांनी वाकली होती, पानं गळत होती. तिने सांगून टाकलं. फुललेला बांबू वाळतो, काठ्या ठिसूळ होतात, खुर्चीच्या कामाच्या राहत नाहीत.

"तुला माहीत होतं?" दादाने विचारलं.

खोटं बोलायची सोय होती. माळी आता हयात नव्हता. "लावताना माहीत होतं," ती म्हणाली. "तेव्हा वाटलं, सात-आठ वर्षं म्हणजे पुष्कळ. मग सांगायचं राहून गेलं, आणि मग लाज वाटायला लागली."

दादा भांडला नाही. भांडला असता तर तिला सोसलं असतं. "बी गोळा करते," ती घाईने म्हणाली, "त्याची रोपं कोवळ्या वयाची असतात. पाच-सहा वर्षांत तोडायला येतील."

त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. गेल्या हिवाळ्यापासून बोटं नीट वळत नव्हती.

"तू थांब म्हणालीस म्हणून थांबलो," तो म्हणाला. "एक तरी खुर्ची झाली असती गं." आणि चहा निवतोय म्हणून तिला आत घेऊन गेला.