सयाजीतात्याची तिसरी बंदूक

सयाजी बरकाळेला बंदुकांचा नाद होता. नाद म्हणजे कोल्हापुरी नाद. बायको ओरडली, साहेब तापला, तरी सुटायचं नाव नाही. एस.टी.च्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून चौतीस वर्षं काढली, पण कुणी विचारलं, "तात्या, काय करता?" की हा छाती काढून सांगणार, "तबकड्या फोडतो." मातीच्या तबकड्या यंत्रानं हवेत भिरकावतात आणि खाली पडायच्या आत त्या बंदुकीनं फोडायच्या, असा तो खेळ. त्यासाठी सयाजी कोल्हापूर, पुणे, एकदा तर पार जयपूरला जाऊन आला. रजेच्या अर्जात कारण एकच, 'चुलते अत्यवस्थ'. चुलते बिचारे ठणठणीत, गारगोटीच्या बाजारात बैलांचे दात बघत फिरत असायचे.

त्याच्याकडं तीन बंदुका होत्या. एक दुनळी, अक्रोडाच्या दस्त्याची. तिच्यावर त्याचा असा जीव की अंबूबाई, म्हणजे त्याची बायको, म्हणायची, "मला येवढं तेल कधी लावलं न्हाई डोक्याला." दुसरी एकनळी, जिच्यावर त्यानं पहिला कप मारला. तिसरी पॉइंट टूटू रायफल, हलकी, गोड, खांद्याला लागली की लागल्याचं कळायचंसुद्धा नाही. कायद्यानं माणसाला तीनच ठेवता यायच्या, आणि सयाजीच्या तीन भरल्या होत्या.

मग एका वर्षी चुलते खरंच वारले. त्यांच्यामागं घरातली ठासणीची बंदूक उरली. ठासणीची म्हणजे तोंडाकडून दारू भरायची, गजानं ठासायची आणि मग बार काढायचा. आजोबांच्या वेळची, जड, काळी, सरपणाच्या ओंडक्यासारखी. पण मान तिचाच. खंडेनवमीला सगळी बरकाळे भावकी चुलत्यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, जमायची. बंदूक पाटावर ठेवायची, घरातल्या थोरल्या बाईनं कुंकू लावायचं, प्रत्येकानं दस्त्याला हात लावून नमस्कार करायचा. मग देवीच्या देवळाम्होरं एक बार. तो उडाल्याशिवाय पालखी जागची हलायची नाही. पिढ्यान् पिढ्यांचा मान.

चुलती चिमणाबाई. तिचा स्वतःचा पोरगा होता, पण तो दारूत बुडालेला. म्हातारीनं भावकीदेखत सांगितलं, "बंदूक सयाजीच्या नावावर करा. त्येच्या हाताला नेम हाय आन् डोस्कं ठिकाणावर हाय. पोरग्याच्या हातात दिली तर कुणाचा तरी मुडदा पाडंल." आईनं पोटच्या पोराला बाजूला सारून पुतण्याला बंदूक दिली, आणि पोरगा मान खाली घालून तिथंच बसला होता. एवढं सगळं त्या बंदुकीबरोबर सयाजीच्या घरी आलं.

पण परवान्यावर जागा कुठली? चौथी चालत नव्हती. सयाजीनं रायफल विकली. आणि त्या दिवसापासून त्या रायफलीचं रडगाणं जे सुरू झालं ते गावानं वीस वर्षं ऐकलं. लग्नात, बारशात, चहाच्या टपरीवर, "माझी रायफल हुती बगा..." म्हणून हा सुरू झाला की लोक चपला शोधायचे. एकदा तर मयताला गेलता आणि तिरडी बांधणाऱ्यांना रायफलीचा नेम सांगत बसला. वर शेवटी ठरलेलं वाक्य, "त्या ठासणीपायी गेली माझी रायफल." ठासणी आडव्या बासनात, माळ्यावर. वर्षातून एकदा खाली यायची. दुनळीला रोज तेल, हिला दसऱ्याला एक फडकं.

मग कायदा बदलला. तिनाच्या दोन झाल्या. एक बंदूक ठाण्यात तरी द्या, नाहीतर दुकानदाराला विका.

आता माणसानं काय करावं? चुलतीकडं जावं, भावकी बसवावी, विचारावं. हे न कळायला सयाजी काही कुक्कुलं बाळ नव्हता. अंबूबाईनं सांगितलंसुद्धा, "काकीस्नी इचारा की एकदा." तर हा गुरकावला, "परवाना माझ्या नावावर हाय का काकीच्या?" एकनळी टाकायला मन होईना. दुनळीचा तर प्रश्नच नव्हता. ठासणी ना स्पर्धेत चालत होती ना रानात. साथीच्या रोगाचे दिवस, रस्ते सामसूम, कुणी बघणारं नाही. कोल्हापुरात शिवय्याचं हत्यारांचं दुकान होतं, जुनी ओळख. सयाजीनं ठासणी गोणपाटात गुंडाळली, सरकारी कागद केले आणि देऊन आला. येताना फाट्यावर थांबून मिसळ खाल्ली. ती मिसळ त्याला गोड लागली होती, आणि हीच गोष्ट पुढं त्याला सगळ्यात जास्त बोचत राहिली.

पहिल्या दसऱ्याला साथीमुळं गर्दीला बंदी होती, भागून गेलं. दुसऱ्या वर्षी चिमणाबाईनं विचारलं, "बंदूक कुठाय?" सयाजी म्हणाला, "दुरुस्तीला टाकलीया." तिसऱ्या वर्षी त्याला निवडणूक सापडली. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस जमा करून घेतात, हे गावात शेंबड्या पोरालाही माहीत. "ठाण्यात जमा हाय काकी," असं म्हटलं की विषय संपला. आणि आपल्याकडं निवडणुकांना काय तोटा? ग्रामपंचायत झाली, विधानसभा आली. एका वर्षी काहीच नव्हतं तर यानं दूध संघाची निवडणूक पुढं केली. दूध संघाला कोण बंदुका जमा करतंय? पण म्हातारीला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं होतं, आणि तिचा सयाजीवर भरवसा होता. ती म्हणायची, "बरं बाबा, सरकारचं काम हाय."

या वर्षांत बार उडालाच नाही. पोरांनी सुतळी बाँब लावून पालखी उचलली. त्या बाँबच्या आवाजाला सयाजी दरवेळी दचकायचा. रायफलीचं रडगाणंही बंद झालं. लोकांना वाटलं, सुटलो बुवा. पण कुणाला काय माहीत, 'विकली' हा शब्दच त्याच्या तोंडातून निघेना.

शेवटी तो शिवय्याकडं गेला. "परत घेतो. एकनळी ठिव आन् ती दे." शिवय्यानं चष्मा कपाळावर चढवला. "तात्या, आता कुठली? हायवेच्या एका हॉटेलवाल्यानं नेली की. निकामी करून, कागद करून. शोभेला."

सयाजी तसाच हायवेला गेला. मोठं हॉटेल, बाहेर बैलगाडीचं चाक, आत भिंतीवर सूप, कंदील, नांगराचा फाळ, आणि त्यांच्या मधोमध ठासणी. खाली पाटी, 'आमची परंपरा'. सयाजीनं खुर्चीवर चढून बघितलं. नळीत शिसं ओतलेलं, कानाशी, म्हणजे बार पेटतो तिथं, भोक पाडलेलं. आता ती जन्मात बोलणार नव्हती. एक जोडपं तिच्याखाली उभं राहून फोटो काढत होतं, नवऱ्यानं मिशीला पीळ भरल्यासारखं केलं. मालक आला. सयाजीनं हात जोडून मागितली. तो म्हणाला, "पावणं, तिच्यामुळं गिऱ्हाईक येतंय. न्हाई इकायची. जेवून जावा, तांबडा-पांढरा फस्क्लास हाय." सयाजी मुकाट जेवायला बसला. मेल्याहून मेल्यासारखं झालेलं, आणि वेटर वाढतोय, हा खातोय.

यंदा कुठलीच निवडणूक सापडली नाही. त्यात गावात बोलणं निघालं की बरकाळ्यांचा बार पाच वर्षं नाही, तर मान दुसऱ्या भावकीला द्यावा. चिमणाबाईचा नातू सम्राट तडतडला. बाप दारूनं गेलेला, हा मात्र सरळ पोरगा, दुधाचा धंदा करणारा. तो सयाजीच्या दारात येऊन म्हणाला, "तात्या, औंदा काय बी करून बंदूक आणा. आज्जी म्हणतीया, डोळं मिटायच्या आदी एकदा हात लावू दे. आन् मान गेला तर गावात तोंड कसं दाखवायचं?"

सयाजी "व्हय" म्हणाला. आणि मग त्यानं ते केलं, जे आठवलं तर आजही त्याच्या कानशिलाला चटका बसतो.

खंडेनवमीला त्यानं एकनळी लाल कापडात गच्च गुंडाळली. दस्त्याचं टोक आणि नळीचं तोंड तेवढं उघडं. काडतुसातले छर्रे काढून टाकले. सोप्यात भावकी बसलेली. नव्या पोरांनी ठासणी कधी धड बघितलेली नव्हती. म्हाताऱ्यांना बार हवा होता. कुणीतरी म्हणालं, "दारू ठासायची की हितंच, पोरं बगतील." सयाजी म्हणाला, "घरनंच ठासून आणलीया." बंदूक पाटावर ठेवली. सम्राटनं आजीला धरून आणलं, तिच्या बोटाला कुंकू दिलं.

चिमणाबाईनं कुंकू लावलं. आणि मग हात काढायच्या ऐवजी तिनं तो दस्त्यावरून पुढं नेला. नवऱ्यानं एकदा दस्ता तडकल्यावर पितळेची पट्टी ठोकली होती, तिथं तिची बोटं थांबली. पट्टी नव्हती. मग नळीखाली कापडावरून चाचपलं. गज नव्हता. चाळीस वर्षं जी बंदूक तिनं पुसली, उचलली, कोपऱ्यात ठेवली, ती तिला हातानं कळणार नाही होय? म्हातारीचा हात तसाच. सम्राटनं विचारलं, "आज्जी, काय झालं?"

"काय न्हाय," चिमणाबाई म्हणाली. "हीच की ती. उचला."

बार झाला. पालखी उठली. ढोल लागले, गुलाल उडाला, लोकांनी सयाजीला खांद्यावर घ्यायला बघितलं. तो कसाबसा सुटला आणि देवळामागनं म्हातारीच्या सोप्यात आला. ती एकटीच बसली होती.

सयाजीनं तिच्या पायावर डोकं ठेवलं. "काकी, इकली म्या. पाच वर्षं झाली."

"कळलं मला."

"माझं चुकलं. माझ्या आवडीच्या दोन ठिवल्या आन् ती घालवली."

चिमणाबाईनं त्याचं डोकं पायावरून बाजूला सारलं. मग म्हणाली, "मला इचारलं असतंस तर मीच म्हणलं असतं, इक जा. लोखंडाला काय कवटाळायचंय? पण तू इचारलं न्हाईस. मी भावकीदेखत तुला पोराच्या वर धरलं, आन् तुला माझ्याकडं येऊन दोन शब्द बोलवंना." तिनं कुंकवाचं बोट पुढं केलं. "आज देवीचं कुंकू बोटाला आसताना मी खोटं बोलले. सम्राटसाठी बोलले, मानासाठी बोलले, पण बोलले. आता उद्या तू सांग. मी दुसऱ्यांदा न्हाई बोलायची."

दसऱ्याला देवळाच्या पटांगणात सोनं लुटायला सगळं गाव जमलं होतं. सयाजी घोळक्यात मागंच रेंगाळत होता. अंबूबाईनं मागून कोपर मारलं. मग तो मोठ्यानं बोलला, अगदी गॅरेजात ओरडायचा तसा, नाहीतर आवाजच फुटला नसता. "काल बार एकनळीचा हुता. ठासणी म्या पाच वर्षांमागं इकली. ठाण्यात न्हवती, दुरुस्तीलाही न्हवती. काकीला म्या फसवलं, तुमास्नीबी फसवलं. मान काढायचा तर माझा काढा, भावकीचा नको."

सम्राटच्या मुठीत आपट्याची पानं होती. सयाजी त्याच्याजवळ गेला. जगात त्याच्याकडं जे सगळ्यात मोलाचं होतं ते त्यानं पुढं केलं. "सम्राट, माझी दुनळी तुझ्या नावावर करून देतो. उद्याच कागद करूया. तिच्यासारखी बंदूक जिल्ह्यात न्हाई बाळा."

सम्राटनं मुठीतली पानं खिशात घातली. चिडला असता तर सयाजीला बरं वाटलं असतं. पण तो हळू आवाजात म्हणाला, "ती तुमची आवडती हाय तात्या, तुमच्याजवळच असू दे. माझ्या बापानं मान खाली घालून जी तुमच्या हवाली केली, ती दुसरी हुती."

आणि तो आजीला धरून देवीच्या पाया पडायला आत गेला. सयाजी हातात सोनं घेऊन तिथंच उभा राहिला. लोक त्याला वळसा घालून एकमेकांना पानं देत होते, गळ्यात पडत होते. त्याच्यापुढं कुणी हात केला नाही, आणि त्याचाही हात कुणापुढं झाला नाही.