नमुन्याच्या दुपट्यावरचं नाव

दूध उतू जायच्या बेतात, लेकीचा एक मोजा सापडलाय तर दुसरा गायब, नवरा न्हाणीघरातून "टॉवेल!" म्हणून ओरडतोय, अशा वेळी दार वाजलं. वाजलं कसलं, बडवलं.

दारात मावशी. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं भरतकामाचं दुकान आहे. तान्ह्यांची दुपटी, टोपरी, लाळेरी, आणि प्रत्येकावर रंगीत दोऱ्याने बाळाचं नाव. आमच्या गल्लीतली बहुतेक पोरं मावशींच्या टाक्यांत गुंडाळूनच वाढली. एरवी ही बाई इतकं हळू बोलते की गिऱ्हाईक कान पुढे करतं. आज मात्र हातातलं दुपटं त्यांनी ओट्यावर आपटलंच.

"बघ. कोरं! नात तीन महिन्यांची झाली, अजून 'ए बाळ, ओ बाळ'. लोकांना नावं ठेवायला सगळे पुढे, पोरीचं नाव ठेवायला एकाला सवड नाही."

"सूनबाईंना पसंत नाही का तुम्ही काढलेलं नाव?"

"पसंत आहे गं! तीच तर बोंब आहे."

मी त्यांना स्टुलावर बसवलं, लेकीला एक निळा आणि एक पांढरा मोजा घालून शाळेत पिटाळलं आणि चहा टाकला. त्या नावाची गोष्ट मला ठाऊक होती. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हती?

मावशींचे वडील रात्रपाळीचे पहारेकरी. सूर्य उगवायच्या आधी आभाळ जरा फिकटतं, दिव्याशिवाय हातावरच्या रेषा दिसायला लागतात, त्या उजेडाला त्यांच्याकडे एक जुना शब्द होता. तो उजेड आला की कंदील विझवायचा, काठी कोपऱ्यात ठेवायची आणि घरी यायचं. छोट्या मावशी दारात वाट बघत असायच्या. तो शब्द त्यांनी मनात जपून ठेवला: मुलगी झाली की हेच नाव. झाला मुलगा. मग नातीसाठी ठेवलं.

आणि इथेच त्यांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला. दुकान उघडलं तेव्हा काचेत टांगायला नमुन्याचं दुपटं हवं होतं. नमुन्यावर काहीतरी नाव हवंच. हाताला तेच आलं. पिवळ्या दोऱ्यात, साखळीटाक्यात, आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम. मुलगा तेव्हा शाळेत होता. नात कुणाच्या स्वप्नात होती?

येणारी प्रत्येक गरोदर बाई त्या काचेसमोर थबकायची. "अय्या, काय छान नाव! आम्ही हेच ठेवू?" मावशी खूश. आधी शिक्षिकेची मुलगी, मग औषधवाल्याची, मग त्याच्या बहिणीची जुळ्यांतली एक, मग दूधवाल्याची. मीही त्याच काचेसमोर थबकलेली. माझी लेकही त्याच नावाची.

(नाव इथे लिहीत नाही. अजून चार जणींनी उचललं, तर मावशी माझं दार मोडतील.)

"माझ्या बापाचा शब्द लोकांच्या तोंडी बसला म्हणून मिरवत होते मी," मावशी चहात बिस्कीट बुडवत म्हणाल्या. "आता सूनबाई म्हणते, 'आई, नाव गोडच आहे हो, पण संध्याकाळी खिडकीत उभ्या राहून बघा. एक हाक मारली की पाच पोरी वळतात. आपली सहावी का?' काय उत्तर देऊ? खोटं थोडंच बोलतेय ती?"

"वडिलांची गोष्ट सांगितलीत त्यांना?"

"सांगितली. ऐकली तिने, डोळेही पुसले. मग फोन काढला. फोन म्हणतो, नाव मूळचं समुद्रापलीकडचं, अर्थ 'सिंहासनावर बसलेली'. सिंहासन! माझ्या बापाला पहाऱ्यावर बसायला साधं स्टूल नव्हतं! आणि खाली लिहिलंय, लोकप्रियता वाढती. शेजारी वर जाणारा बाण." बिस्कीट तुटून कपात पडलं. "तो बाण कुणी चढवला? मीच ना!"

मला हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली.

"मुलगा काय म्हणतो?"

"तो? 'तुम्ही दोघी ठरवा.' बापावर गेलाय. घरात आग लागली तरी म्हणेल, पाणी कुठलं घ्यायचं ते तुम्ही ठरवा."

त्यांनी दुपट्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. कोपऱ्यात फिकट पेन्सिलीने अक्षरं आखलेली दिसली. टाका एकही नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बाळांची नावं भरणारी बाई, आणि घरचीच नात बिननावाची.

"आता कशाला आलात, मावशी? मी बोलू का सूनबाईंशी?"

"नको. शिकलेल्या बायका दोघी बोलायला बसलात की अजून दहा नवी नावं निघतील." कप विसळून त्यांनी पालथा घातला. "रविवारपर्यंत विचार करते म्हणालीय. बाळाला घेऊन रोज संध्याकाळी खिडकीत बसते, आणि नेमकी तेव्हाच तू गॅलरीतून लेकीला हाक मारतेस. तुझा आवाज तर पार चौकापर्यंत जातो."

"मग?"

"घरात तिला भिंगरी म्हणतेस ना? रविवारपर्यंत बाहेरही भिंगरीच म्हण."