बॉक्स ठीक आहे, वहिनी

"लॅग आहे, वहिनी. लॅग!"

हे बोलायच्या आधी आमच्या समोरच्या दारातले भाऊजी मान कलती करायचे, डोळे बारीक करायचे आणि उजवा अंगठा हवेतल्या हवेत दाबून बघायचे. मग निकाल द्यायचे. त्यांच्या निकालावर अपील नसे.

लॅग म्हणजे काय, हे मी न विचारताच त्यांनी मला शिकवलेलं. इकडे आपण बटण दाबलं आणि तिकडे पडद्यावरची गाडी वळली, या दोन्हींच्या मधला जो उशीर, तो लॅग. पण यांना तो कुठेही सापडायचा. आमच्या ठाकुर्लीच्या बिल्डिंगची लिफ्ट रेंगाळली, लॅग. वरच्या टाकीचं पाणी नळाला उशिरा आलं, लॅग. सुलभाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, दुसऱ्या हाकेला ओ दिली, तरी लॅग. "तुमच्या डोक्यातच आहे तो मेला लॅग," ती स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि आम्ही सगळे हसायचो.

तुमच्याही बिल्डिंगमध्ये असा एखादा असेल बघा. बाजारात काही नवीन आलं की पहिलं याच्या घरी. मला स्वतःला या वस्तूंचा भयंकर राग. साध्या बातम्या बघायला दोन-दोन रिमोट लागायला लागले, तेव्हा मी टीव्हीचा नादच सोडला. पण भाऊजी माजिवड्याच्या मोठ्या दुकानातून खोकं घेऊन आले की मी हातातलं काम टाकून समोर जायची. वस्तू बघायला नाही हो. त्यांचं बोलणं ऐकायला.

टीव्हीच्या मागे लावायची ती सिनेमे दाखवणारी काडी असते ना, तिला ते गोचीड म्हणायचे. "मागे चिकटून बसते आणि नेट पिते." रिमोटवर कंपन्यांच्या नावाची बटणं आली तेव्हा तर भडकलेच. "रिमोट माझा, पैसे माझे, आणि त्यात हे भाडेकरू कोणी ठेवले?" तबकडी नसलेला गेमचा डबा आला, तो त्यांनी हातात घेऊन उलटासुलटा केला. "वहिनी, गेम विकत घेतला म्हणायचं आणि घरात ठेवायला काहीच नाही. उद्या त्यांनी काढून घेतला तर मी कोणाच्या दारात जाऊन बसू?" आणि डबाच नको, सगळा खेळ दूर कुठल्यातरी मशीनवर चालणार, आपण घरी फक्त बघून बटणं दाबायची, असली सोय निघाली तेव्हा तर त्यांनी हातच जोडले. "खेळ त्यांच्याकडे, बोट माझ्याकडे. मध्ये अख्खा देश. लॅग येणार नाही तर काय होईल?"

एवढं बोलून झालं की तीच वस्तू ठेवून घ्यायची, हे ठरलेलं.

ते एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्रेन चालवायचे. छताखाली रुळांवरून सरकणारी क्रेन असते, तिच्या केबिनमध्ये शिडीने चढून बसायचं, दोन हातांत दोन लिव्हर, आणि पोलादी पत्र्याची भली मोठी रिळं उचलून पलीकडे ठेवायची. खाली एक माणूस उभा राहून हाताने खुणा करणार. त्या कामाचा त्यांना केवढा गर्व! मी एकदा चिडवलं, "दिवसभर तेच दांडे ओढता, मग घरी येऊन पुन्हा तेच? कंटाळा नाही येत?"

ते हसले नाहीत. "घरी चुकलं तर गाडी भिंतीवर जाते, वहिनी. तिथं खाली माणूस उभा असतो. मी लिव्हर सोडला की हुक तिथल्या तिथे थांबला पाहिजे. तिथं लॅग चालत नाही."

त्यांचा दुसरा एक नियम होता. मी अजून टीव्ही बघायची, तेव्हा तो एकदा बंद पडला. मी प्लग काढ, वायर बदल, टीव्हीच्या पाठीत गुद्दे घाल, असं सगळं एकदम चालवलेलं. भाऊजींनी मला बाजूला केलं. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन एकदम बदलल्या की चोर सुटतो." मग शांतपणे आधी वायर, मग प्लग, मग बोर्ड. चोर बोर्डात निघाला. माझे गुद्दे फुकट गेले.

एमआयडीसीला शुक्रवारची सुट्टी. आमच्याकडे लाईटही नेमकी शुक्रवारीच जाते, म्हणून त्यांनी इन्व्हर्टर घेतलेला, खास गेमसाठी. फ्रिज बंद, पंखे बंद, आणि गेम चालू! सुलभाचं डोकं फिरायचं. माझी मुग्धा कॉलेजातून आली की त्यांच्याकडे गाड्यांची शर्यत खेळायला जायची, आणि हरून परत यायची. "आई, काका त्या घाटाच्या वळणावर ब्रेकच मारत नाहीत गं!" तिला त्यांचं फार कौतुक.

मग एका शुक्रवारी ती जिंकून आली. मी म्हटलं, वा! ती म्हणाली, "लॅग होता म्हणे."

पुढच्या शुक्रवारीही लॅग. घाटाच्या त्याच वळणावर त्यांची गाडी कठड्यावर जायला लागली. त्यांनी नवा कंट्रोलर आणला, म्हणजे हातात धरायचं ते बटणांचं यंत्र. लॅग. नवी वायर आणली. लॅग. वायफायचा डबा बदलला, टीव्ही बदलला, शेवटी अख्खा कन्सोलच, म्हणजे तो गेमचा डबाच, नवा आणला. पॅसेजमध्ये रिकाम्या खोक्यांचा ढीग लागला आणि आमच्या सेक्रेटरींनी नोटीस लावली. सुलभा म्हणायची, "यांना झालंय काय? हल्ली चप्पल फरफटत चालतात, शर्टाची बटणं लावायला तासभर घेतात. सगळं लक्ष त्या डब्यात!" ते पूर्वीसारखे हसत नव्हते. नव्या वस्तूबद्दल बोलतानाही नुसतं एवढंच, "बेकार आहे. सगळंच बेकार बनवायला लागलेत."

एका शुक्रवारी दुपारी त्यांनी माझं दार वाजवलं. "वहिनी, पाच मिनिटं येता?"

गेले तर जमिनीवर सगळ्या वायरी ओळीने मांडलेल्या. मला सोफ्यावर बसवलं आणि माझ्या हातात ते बटणांचं यंत्र दिलं. मी म्हटलं, "भाऊजी, मला मिक्सरसुद्धा नीट लावता येत नाही." ते म्हणाले, "काही करायचं नाही. पडद्यावरचा चौकोन हिरवा झाला की दाबा. किती उशीर झाला तो आकडा येतो. आकडा लहान तेवढं चांगलं."

चौकोन हिरवा झाला. मी दाबलं. आकडा आला. मग त्यांनी दाबलं. त्यांचा आकडा मोठा. पुन्हा मी, पुन्हा ते. मग त्यांनी वायर बदलली, आणि पुन्हा मी, पुन्हा ते. मी चाळिशी लावणारी बाई, आयुष्यात कधी हे यंत्र हातात धरलेलं नाही, आणि दर वेळी माझा आकडा लहान येत होता. मला आधी गंमत वाटली. मग त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि गंमत गेली.

"बॉक्स ठीक आहे, वहिनी," ते म्हणाले.

"मग टीव्ही असेल."

"टीव्ही बदलला. वायर बदलली. सॉकेट बदललं. एक एक करून सगळं बदललं." त्यांचा उजवा हात मांडीवर पडलेला होता. अंगठा पहिल्या बोटावर हळूहळू घासत होता, आपला आपणच. तेही त्याच्याकडेच बघत होते. "बदलायचा मीच राहिलो."

आत सुलभा भाजी फोडणीला टाकत होती, तिला यातलं काही ऐकू गेलं नसावं. ते हळूच म्हणाले, "तिला सांगू नका. उद्या फर्स्ट शिफ्ट आहे."

मला राग आवरत नाही, हे आमच्या बिल्डिंगला माहीत आहे. मी म्हटलं, "फर्स्ट शिफ्टला जाणार? या हाताने? खाली माणूस उभा असतो, तुम्हीच सांगता ना?"

"माझं काम आहे ते! तुम्हाला काय कळतं त्यातलं?" इतक्या वर्षांत त्यांनी माझ्यावर आवाज चढवलेला तो पहिल्यांदा. मी उठून घरी आले.

सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर ते डबा शेजारी ठेवून बुटाची लेस बांधत बसलेले. बांधतायत, बांधतायत. मी तशीच उभी. शेवटी उठले, माझ्याकडे न बघता "येतो" म्हणाले आणि गेले.

तो दिवस मी कसा काढला ते माझं मला माहीत. एमआयडीसीच्या बाजूने मोठा आवाज झाला की स्फोट झाला की काय म्हणून आमच्याकडे सगळे गॅलरीत येतात, तशी सवयच झाली आहे. त्या दिवशी वरच्या मजल्यावर कोणी गादी झटकली तरी मी गॅलरीत धावत होते. काहीही होऊ दे, पण त्या खालच्या माणसाला काही होऊ नये. आणि यांनाही होऊ नये. संध्याकाळी आले की सुलभाला सगळं सांगून टाकायचं, असं मी मनाशी पक्कं केलेलं.

ते दुपारीच आले. माझ्या दारात उभे राहिले. "सुलभाला बोलवा. दोघींना एकदमच सांगतो."

ती कणकेच्या हातांनी बाहेर आली.

"शिडी चढलो. बसलो," ते म्हणाले. "खालच्याने हात वर केला, उचल म्हणून. नवीन आहे तो, हेल्मेटचा पट्टा नीट लावत नाही. मी वरून ओरडलो, आधी पट्टा लाव. त्याने लावला. माझ्याकडे बघून हसला. मग माझ्याने लिव्हरला हातच लाववेना गं. खाली उतरलो. साहेबांना सांगितलं, मला आता वर चढवू नका. लॅग माझ्यातच आहे."

"काय म्हणाले साहेब?"

"आधी हसले."

सुलभाने त्यांच्या हातातला डबा घेतला, उघडून बघितला. भरलेलाच होता. "जेवला पण नाहीत," एवढंच म्हणाली. डोक्यातल्या लॅगचं ते वाक्य तिने पुन्हा कधी उच्चारलं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. ठाण्याच्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, पार्किन्सन. कारखान्याने त्यांना खाली स्टोअरमध्ये बसवलं. गोळ्या सुरू झाल्या. शुक्रवारच्या शर्यती मात्र बंद नाही पडल्या. मुग्धा त्या घाटाच्या वळणावर मुद्दाम हळू व्हायची, ते पुढे जायचे. एकदा त्यांनी खेळ मध्येच थांबवला.

"मुग्धा, खरं खेळ."

"खरंच खेळतेय काका."

"नाही. गोळी लागू पडतेय की नाही, हे मला तुझ्यामुळे कळतं बाळा. तूच फसवलंस तर मी कोणाला विचारू?"

तेव्हापासून ती खरं खेळली. दर शुक्रवारी जिंकायची, आणि घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. मी दाराबाहेर उभी राहायची.

आता समोरच्या दारात दुसरे लोक आहेत. आमच्या लिफ्टचा भरवसा नाही, म्हणून भाऊजी आणि सुलभा कल्याणला तिच्या भावाच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहायला गेले. पॅसेज स्वच्छ असतो, सेक्रेटरी खूश आहेत. मला मात्र त्या ढिगाची आठवण येते. नवीन काही बाजारात आलं की मी पेपरात वाचते, कळत काही नाही, तरी वाचते. शुक्रवारी फोन करून सांगायला काहीतरी हवं ना.

सुलभा फोन त्यांच्या कानाला धरते. परवा मी म्हटलं, "भाऊजी, नवीन डबा आलाय म्हणे. वायरच लागत नाही. घ्यायचा का?"

पलीकडून काहीच नाही. मुग्धा शेजारी होती, म्हणाली, "आई, लाईन कट झाली बहुतेक. परत लाव." मी तिला हाताने गप्प केलं. लिफ्टसाठी न थांबता जिने चढणारी मी, फोन कानाला लावून उभी राहिले.

मग त्यांचा आवाज आला. बारीक, सावकाश.

"लाईन ठीक आहे, वहिनी. लॅग माझ्याकडे आहे."

"असू दे, भाऊजी," मी म्हटलं. "तुम्ही बोला सावकाश. मी थांबलेय."