फ्रेंच वकिलाचे स्वर आणि आमची यशू

विमान खाली येऊ लागलं तेव्हा समुद्रात जहाजंच जहाजं थांबलेली दिसली. आठवडी बाजाराबाहेर बैलगाड्या सोडून ठेवाव्यात तशी ती आपापल्या पाळीची वाट बघत उभी होती. मी वाशीमच्या जिल्हा परिषद शाळेत जन्मभर बीजगणित शिकवलं. इतकं पाणी आणि इतकं लोखंड एकदम बघायची माझ्या डोळ्यांना सवय नाही. पण खरं सांगायचं तर मी सिंगापूर बघायला निघालेच नव्हते. मी निघाले होते एका भाषणासाठी.

भाषण माझ्या नातीचं, यशोधराचं. वय तेरा, जन्म तिथलाच. तिकडची आपली मराठी बौद्ध कुटुंबं वर्षातून एकदा जमतात आणि मुलं काहीबाही सादर करतात. मागच्या वर्षी यशू बोलायला उभी राहिली आणि पहिल्याच वाक्यात “माझा आई” म्हणाली. मुलं हसली, ही खाली उतरली, आणि तेव्हापासून घरात मराठीत काही विचारलं की उत्तर इंग्रजीत येऊ लागलं. यंदा तिनेच फोन केला. शाळेसाठी तिने एका जुन्या फ्रेंच गणितज्ञाचा अभ्यास केला होता. त्याच्यावर मराठीत बोलेन म्हणाली, पण आजी आली तरच. गणित आणि मराठी, दोन्ही माझीच दुकानं. मी पासपोर्ट काढला.

विमानतळावर मुलगा न्यायला आला होता. राहुल जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनाच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. “तुझा कारखाना दाखव” म्हटलं तर म्हणाला, कंपनीच्या बसने जावं लागतं आणि पासशिवाय आत सोडत नाहीत, जन्मदात्या आईलासुद्धा नाही. मग भाषणाचा विषय निघाला तसा तो माझ्या बॅगा मोजू लागला. त्याचं कारण मला ठाऊक होतं. दहावीपर्यंत तो माझ्याच वर्गात, मराठीत शिकला. दहावीनंतर इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला गेला तेव्हा चलराशी, सहगुणक, वर्गसमीकरण असा सगळा ऐवज गाठीला होता आणि तिथे सगळं इंग्रजीत, त्या ऐवजाला कुणी विचारत नव्हतं. पहिल्याच सुट्टीत घरी येऊन रडला होता. “गणित येतं गं, त्याची नावं येत नाहीत,” म्हणाला होता. नंतर तो विषय आम्ही दोघांनीही कधी काढला नाही. पण आपल्या मुलीला त्याने मराठीपासून जरा लांबच ठेवलं. म्हणून हे भाषण माझ्यासाठी नुसतं भाषण नव्हतं. यशू पुन्हा अडखळून खाली बसली असती तर तिचं मराठी तिथेच संपलं असतं, आणि माझ्या जन्मभराच्या शिकवण्यावर माझ्याच मुलाने मनातल्या मनात फुली मारली असती.

त्यांचा फ्लॅट बुकित पंजांगला, उंच इमारतीत. दुसऱ्या दिवशी यशू मला तिथल्या एलआरटीने (पुलावरून धावणारी छोटी गाडी) फिरवायला घेऊन गेली. बसून थोडा वेळ झाला आणि खिडकीबाहेरचं सगळं धूसर झालं. मी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि आता मोतीबिंदूच आला या हिशेबाने मन घट्ट केलं. यशू पोट धरून हसली. गाडी लोकांच्या घरांजवळून जाते तेव्हा काचा आपोआप धूसर होतात, कुणाच्या स्वयंपाकघरात डोकावता येऊ नये म्हणून. आमच्या गल्लीत अशा काचा बसवल्या तर निम्म्या बायकांचा वेळ जाणार नाही.

गाडीत तिने मला आपल्या गणितज्ञाची गोष्ट सांगितली. त्याचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. तिने प्रत्येक वेळी एकच नाव म्हटलं आणि मी प्रत्येक वेळी वेगळं. शेवटी आमच्यापुरता तो ‘वकीलसाहेब’ झाला, कारण पोटापाण्याचा धंदा त्याचा वकिलीचाच होता. चारेकशे वर्षांपूर्वीचा माणूस. गणित त्याने फावल्या वेळात केलं. कोडं डोक्यात शिरलं की कोपर टेबलावर टेकवून दिवसच्या दिवस बसून राहायचा, जेवणाची शुद्ध नसायची. शत्रूची सांकेतिक पत्रं पकडली गेली तेव्हा त्याने आपल्या राजासाठी ती उलगडून दिली. शत्रूच्या राजाला हे काही पटेना. त्याने थेट पोपकडे तक्रार केली, की ही काळी जादू आहे म्हणून. हे ऐकून मी खूश झाले. आमच्या पोरांनाही बीजगणित करणीच वाटायचं.

दुपारी जेवायला हॉकर सेंटरला (खाण्याच्या टपऱ्यांचं मोठं छप्पर) गेलो. एक रिकामं टेबल दिसलं, वर कागदी रुमालांचं पाकीटही होतं. काय सोय आहे, असं म्हणत मी पाकीट फोडलं आणि तोंड पुसलं. यशूचा चेहरा पांढरा पडला. ते पाकीट म्हणजे ‘चोप’, म्हणजे कुणीतरी धरून ठेवलेली जागा. तेवढ्यात टेबलाचे मालक, एक चिनी आजोबा, नूडल्सचा वाडगा घेऊन आलेच. मी फोडलेलं पाकीट त्यांच्यापुढे धरलं. ते हसले. “नेव्हर माइंड, ऑन्टी. सिट, सिट लाह,” म्हणाले आणि सरकून आम्हाला जागा करून दिली.

मी यशूला म्हटलं, अगं, आमच्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकतात, तीच ही तऱ्हा. माणूस अजून आलेला नाही, पण त्याची जागा धरलेली आहे. बीजगणितात आपण ‘क्ष धरू’ म्हणतो ते हेच. संख्या अजून यायची आहे, तोवर तिच्या जागेवर अक्षराचा रुमाल. तिने “ओह” केलं आणि नूडल्स थंड होईपर्यंत विचार करत बसली.

घरी येऊन तिने भाषण वाचून दाखवलं. त्यातलं एक वाक्य होतं, “वकीलसाहेबाने माहीत नसलेल्यासाठी गाण्याचे सूर वापरले आणि माहीत असलेल्यासाठी जेवणाचे पदार्थ.” मी आणि माझी सून प्रज्ञा, दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग उलगडा झाला. त्याने अज्ञात संख्यांना स्वरांची अक्षरं दिली, ए, ई अशी, आणि ज्ञात संख्यांना व्यंजनांची, बी, डी अशी. यशूने स्वर आणि व्यंजन हे शब्द इंटरनेटवर शोधले, तर तिकडे राग यमन आणि हिंदीतल्या पाककृती निघाल्या. प्रज्ञा पाया लेबार भागातल्या आपल्या ऑफिसातून दमून आली होती, पण हसून हसून तिचा शीण गेला.

त्याच बैठकीत मी जरा छाती पुढे काढली. म्हटलं, अक्षरांचं काय घेऊन बसलीस, आपले जुने गणिती काळा, निळा, पिवळा अशा रंगांची पहिली अक्षरं लिहायचे अज्ञातासाठी. वकीलसाहेबाच्या कितीतरी आधी. यशूने शांतपणे विचारलं, “आणि माहीत असलेल्यासाठी?” त्यासाठी आकडे, मी म्हटलं. “मग तेच तर त्याने बदललं, आजी. त्याने माहीत असलेल्यालाही अक्षर दिलं. एक गणित सोडवलं की तसली सगळी सुटली.” वाक्य निम्मं इंग्रजीत होतं, पण मुद्दा सोळा आणे खरा होता. आपल्या पूर्वजांचा अभिमान मी सोडला नाही, पण त्या वेळी मला जास्त अभिमान समोर बसलेल्या वंशजाचा वाटला.

रविवारी हॉल भरला होता. आत शिरताच चारी बाजूंनी “जय भीम, आजी” सुरू झालं. रिफायनरीतले इंजिनिअर, प्रयोगशाळांतले संशोधक, बँकेतले लोक, आणि सगळ्यांच्या बोलण्यात नागपूर, नांदेड, पुणे. ज्या घरांत दोन पिढ्यांपूर्वी पाटी येऊ देत नव्हते, त्या घरांतली ही माणसं. वंदना झाली, मुलांची गाणी झाली, मग यशूचं नाव पुकारलं. राहुल माझ्या शेजारी बसला होता, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.

ती हळू बोलली, पण बोलली. वकीलसाहेब, काळी जादू, टेबलावरचं कोपर, सगळं आलं. लोक हसले ते हसायच्या जागी. भाषण संपलं आणि मी सुटकेचा श्वास सोडला, तोच मागून एका संशोधक गृहस्थांनी प्रश्न विचारला. अज्ञातालाच स्वर का दिले? उलट का नाही केलं?

याची तयारी आम्ही केलेली नव्हती. यशू माझ्याकडे बघू लागली. राहुल तिला इंग्रजीत समजावायला उठू लागला. मी त्याची बाही धरली आणि खाली ओढलं.

“मला माहीत नाही,” यशू म्हणाली. “पुस्तकात पण नाही. पण आजीने मला क लिहायला शिकवला. पाय मोडलेला क्. तो एकटा उभा राहू शकत नाही. ख् पण नाही. स्वर आला की तो उभा राहतो, मग बोलतो. वकीलसाहेबाचे व्यंजन म्हणजे जे आपल्याला माहीत आहे. ते नुसती बसून राहते. जे माहीत नाही ते आलं, की मग ती बोलते.”

लिंगं चुकली, वचनं चुकली. एकही पोर हसलं नाही. वकीलसाहेब लॅटिनमध्ये लिहायचा, त्याला आपला पाय मोडका क् कुठून माहीत असणार? तेव्हा हे काही त्याचं कारण नव्हे, गणिताची शिक्षिका म्हणून मला एवढं म्हणावंच लागेल. पण जन्मभर स्वर-व्यंजनं आणि ज्ञात-अज्ञात या दोन्ही गोष्टी मी हाताळल्या आणि त्या अशा जोडून बघायचं मला कधी सुचलं नाही. सिंगापुरात वाढलेल्या पोरीला ते सुचलं, आणि तेही मराठीत. मी उघड रडले. प्रश्न विचारणारे गृहस्थ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

निघायच्या दिवशी सकाळी राहुल मला विमानतळावर सोडायला आला. रांगेत उभं असताना खाली बघत म्हणाला, “आई, मला तुझ्या त्या मराठी गणिताचा राग होता. पुष्कळ वर्षं.”

“माहीत आहे,” मी म्हटलं.

“हिचं बीजगणित आत्ताच सुरू झालंय. फोनवर तू घेशील का?”

“इंग्रजीत?”

“इंग्रजी शाळा बघून घेईल,” तो म्हणाला.

वाशीमला परतल्यावर सगळे विचारतात, काय काय पाहिलंत? जहाजं पाहिली, धूसर होणाऱ्या काचा पाहिल्या, असं मी सांगते. ऐकणाऱ्यांना उंच इमारतींचं ऐकायचं असतं आणि मी यशूवर घसरते, मग ते उठून जातात. आपण जे शिकवलं ते फुकट गेलं नाही, हे कळायला मला समुद्र ओलांडावा लागला. हे सांगताना मला जराही संकोच वाटत नाही.

पहिला तास मागच्या शनिवारी झाला. मी ‘क्ष धरू’ म्हणताच यशूने हरकत घेतली, की क्ष म्हणजे तर दोन व्यंजनं, वकीलसाहेब रागावेल. म्हणून आम्ही अ धरला. मी समीकरण सांगितलं आणि ती लिहून घेईपर्यंत थांबले. उत्तर तिच्या आधी मागून कुठूनतरी आलं, राहुलच्या आवाजात.

“उणे चार.”

मी त्याला सांगितलं, हात वर केल्याशिवाय वर्गात बोलायचं नाही.